काळी चार

धनाजीनं हात लांबवून भिंतीवरचं बटण पुन्हा बंद केलं. कीबोर्डवरचे सगळे दिवे विझले. जरा थांबून त्यानं ते चालू केलं, दिवे लागायची वाट पाहिली, एका पट्टीवर बोट ठेवलं आणि कान तिरपा करून तो नुसता तेवढाच एक सूर ऐकत राहिला.

शेजारी उभे असलेले सर्जेरावदादा हळूच म्हणाले, "गेलं?"

"गेलं. सगळं पुसलं."

"मग ह्यो नगं."

दुकानाचे मालक कोठारीशेठ काउंटरमागून हे बघत होते. त्यांचा धीर सुटला. "अहो पाव्हणं, कीबोर्ड वाजवून बघत्यात. बंद-चालू करून बल्ब बघत्यात."

दादा ओशाळं हसले. धनाजी हसला नाही. त्यानं माझ्याकडं चोरून पाहिलं, आणि मी बघतेय म्हटल्यावर मान वळवून पुढच्या कीबोर्डाची वायर सोडवायला लागला. मी स्टुलावर बसून पर्समधली बडीशेप चघळत होते. माणूस चोरून बघतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतंच, असा माझा तेव्हाही हिशेब होता आणि आजही आहे.

आमचा ऑर्केस्ट्रा कराडचा, नाव 'मोहोर'. सर्जेराव पिसाळ मालक आणि पुरुषांची गाणी गाणारे. धनाजी लोहार कीबोर्डवर, फिरोज मुल्ला बेस गिटारवर, आणि मी, शालन माने, मुख्य गायिका. बोर्डावर माझं नाव दादांच्या खालोखाल असायचं. जत्रा, गणपती, नवरात्र, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, आमचं वर्ष असं सरायचं. लोकांना जुनी सिनेमातली गाणी हवी असायची, ती आम्ही जशीच्या तशी द्यायचो. माझ्या वरच्या सुराला शिट्ट्या पडायच्या आणि खोटं कशाला बोलू, त्या शिट्ट्यांवर मी जगत होते.

जुना कीबोर्ड बदलायचा ठरला तेव्हा दादा मला म्हणाले होते, "शालनबाई, तुमी कशाला तरास घेताय? मी न् धनाजी जाऊन येतो कोल्हापूरला."

नको म्हणाले म्हणून तर मी आले.

आता संशयाचं कारण सांगते. पंधरवड्यापूर्वी तासगावकडच्या एका जत्रेत आमचा कार्यक्रम होता. माझं हुकमी गाणं सुरू होणार एवढ्यात वीज गेली. ती लोडशेडिंगची वर्षं होती, त्यामुळं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. जत्रेकऱ्यांनी दोन मिनिटं आरडाओरडा केला, जनरेटर लागला, उजेड आला. मी माइक हातात घेतला आणि नेहमीसारखी धनाजीकडं वळून म्हणाले, "काळी चार."

आमच्यात पट्टी अशी रंगावर सांगतात. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी ती काळी चार. तिथं षड्ज धरून गाणारीचा गळा पाण्यासारखा लागतो. वयाच्या विशीपासून माझी पट्टी तीच. सांगितल्यावर धनाजीचं बोट नेमकं तिथं पडलंय ना, हे मी डोळ्यांनी बघूनच सुरुवात करायची. त्या दिवशीही बघितलं. बोट काळी चारवरच होतं.

पण सुरावट सुरू झाली आणि फिरोजनं दचकून धनाजीकडं पाहिलं. गिटारच्या दांड्यावरचा त्याचा हात सरसर पुढं सरकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग मी गायला लागले, अंतऱ्याला वर गेले आणि माझा आवाज फाटला. नुसता चिरकला असता तर खोकून वेळ मारून नेली असती. तो सरळ फाटला, आणि समोर बसलेली बायाबापडी हसली.

मी रडले नाही. मागं जाऊन पाणी प्याले. तेवढ्यात दादांनी मयूरीला पुढं काढलं. मयूरी म्हणजे धनाजीच्या बायकोची धाकटी बहीण, चारसहा महिन्यांपासून आमच्यात कोरसला येत होती. तिनं एक गाणं म्हटलं, आणि बरं म्हटलं.

झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. नुसता सूर ऐकून पट्टी ओळखणारे थोर लोक असतात, मी त्यातली नाही. पण गळा लावला की मला कळतं. त्या दिवशीचा सूर रोजच्यापेक्षा वर होता, यात मला तिळमात्र शंका नव्हती. बोट काळी चारवर आणि सूर वर, हे कसं? तर त्या बाजावर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं तिथंच ठेवून सगळी पट्टी वर नाहीतर खाली सरकवता येते. एवढं मलाही माहीत होतं. मेव्हणीसाठी धनाजीनं माझा गळा भर जत्रेत कापला होता.

परतताना टेम्पोत मी सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं. "तू मला मुद्दाम वर चढवलंस. खरं का खोटं?"

धनाजी खाली मान घालून बसला होता. फिरोज काहीतरी बोलायला गेला, तर धनाजीनंच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं. "चुकलं, ताई," तो म्हणाला. "गडबडीत बटनाचा घोळ झाला."

कबूल केलं म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला. त्यात दोनच दिवसांनी दादांनी नवा कीबोर्ड घ्यायचं काढलं. चांगला धडधाकट बाजा असताना नवा कशाला? नवरात्राचा सीझन तोंडावर होता. नवा बाजा, नवी गायिका, नवा बोर्ड. त्या बोर्डावर माझं नाव असणार की नाही, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो कुणाला विचारायची मला भीती वाटत होती.

तर त्या दुकानात शेवटी दोन कीबोर्ड उरले. एक चंदेरी, एक काळा.

शेठच्या पोऱ्यानं चंदेरीवर व्हायोलिनांचा ताफा लावून दाखवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बासरी तर अशी की फुंकणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. मग काळा लावला. त्याची व्हायोलिनं सर्दी झाल्यासारखी, आणि ढोलकी म्हणजे तेलाचा रिकामा डबा.

"चंदेरी," मी म्हणाले. "ह्यात इचार कसला करायचा?"

धनाजीनं चंदेरीवर काहीतरी दाबलं, भिंतीवरचं बटण बंद केलं, चालू केलं, एक सूर वाजवला आणि दादांकडं बघून मान हलवली. मग काळ्यावर तेच केलं. यावेळी त्याचा चेहरा खुलला.

"ऱ्हातंय, दादा. जिथं ठिवलंय तिथंच ऱ्हातंय."

"परत कर बगू."

त्यानं परत केलं. मी स्टूल पुढं ओढलं आणि बघितलं, बोट कुठं पडतंय ते. काळी चार. प्रत्येक वेळी काळी चार. इतक्या पट्ट्या असताना या दोघांना दुसरी एकही वाजवावीशी वाटत नव्हती.

"ती माझी पट्टी हाय," मी म्हणाले.

"व्हय की," दादा घाईनं म्हणाले. "तुमच्याच गाण्यावर तर धंदा हाय आपला. म्हणून बगतोय."

"आन् बाकीचं? व्हायोलिन, बासरी? ते कोण बगणार?"

"शालनबाई, तुमी च्या घेणार का?"

विषय बदलायची ही दादांची जुनी रीत. मी चहा नको म्हणाले. मग दादा शेठशी भाव करायला काउंटरकडं वळले, आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. दादांची पाठ फिरताच धनाजीनं काळ्यावरचं दुसरंच बटण दाबलं. आतापर्यंत तो 'एक' लिहिलेलं बटण दाबत होता. हे 'दोन' होतं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि यावेळी सूर अगदी हळू, आवाज जवळजवळ मिटवून. दादा मागं वळले तसं त्यानं झटकन पुन्हा 'एक' दाबलं.

म्हणजे हा गडी मालकालाही गंडवत होता! माझ्याविरुद्धच्या कटात दादा सामील, आणि दादांच्या मागं याचा आणखी एक वेगळा कट. मला राग आला आणि थोडं बरंही वाटलं. दादांना हे योग्य वेळी सांगायचं, असं मी मनात बांधून ठेवलं.

"काळाच घ्या, दादा," धनाजी म्हणाला.

"आरं पर त्येची ढोलकी ऐकलीस का?" मी म्हणाले. "लोक उठून जातील."

"ढोलकी आपला म्हादू वाजवतोय की, ताई. बाजाची कुणाला पायजे?"

खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

शेठनी भावाचं बोलायला दोघांना आतल्या खोलीत बोलावलं. पोऱ्या माळ्यावरून खोका काढायला गेला. "या की तुमी बी," दादा म्हणाले. मी गुडघ्याचं कारण सांगून बसून राहिले. गुडघा ठणठणीत होता.

ते आत गेले तशी मी उठले. काळा कीबोर्ड चालूच होता आणि 'एक' लिहिलेल्या बटणावर तांबडा दिवा होता. मी काळी चारवर बोट ठेवलं, तोंड मिटून षड्ज लावला आणि हळूहळू वर गेले. वरचा सा आला, त्याच्यावरचा ग आला, त्याहून वरचा म सुद्धा न ओढता आला. मी डोळे मिटले. माझ्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. आदल्या वर्षी दिवाळीआधी मला दोन महिने खोकला धरून बसला होता. त्यानंतर आवाज होता तसा परत आला, असं मी सगळ्यांना सांगत होते, ते खरंच होतं. हे घ्या की साक्षीला. काळी चार. मला इतकं बरं वाटलं की आत जाऊन त्या दोघांना ऐकवावं, असंच वाटलं.

पण मी संशयी बाई. ज्या बाजानं एकदा दगा दिला, त्या जातीच्या बाजाची साक्ष कशी धरायची? काउंटरच्या टोकाला एक साधी हार्मोनियम होती, विकायला ठेवलेली. घरी माझ्याकडं पेटी नव्हती. होती ती वाळवीनं खाल्ली, आणि तेव्हापासून माझा रियाज भाकऱ्या थापताना चालायचा, सापडेल त्या सुरात. मी पुढं झाले आणि भाता उघडला. पेटीला बटण नसतं. पट्टी आहे तिथंच असते.

काळी चार दाबली.

तो सूर मी ओळखला. जत्रेतला सूर. गळा लावला, वर गेले, आणि ग पाशी माझा आवाज त्या दिवशी फाटला तसाच, तिथंच फाटला.

मला वाटलं, पेटी चढी असेल. मी कीबोर्डाकडं गेले, काळी चार दाबली. पेटीकडं आले, काळी चार दाबली. दोन्ही एकसारख्या नव्हत्या. मग पेटीवर अर्धा सूर खाली आले, तरी जुळेना. आणखी अर्धा खाली आले, शेजारच्या काळी तीनवर, आणि तिथं दोन्ही सूर असे मिळाले की वेगळे काढता येईनात.

मी तिथंच उभी राहिले. भात्यातली हवा संपेपर्यंत सूर वाजला आणि बंद झाला.

जत्रेत धनाजीनं मला वर चढवलंच नव्हतं. त्या दिवशी वीज गेली, आणि उजेड आल्यावर तो बाजा स्वतःच्या खऱ्या पट्टीवर गेला. मला मिळाली ती खरी काळी चार होती. एरवी प्रत्येक कार्यक्रमात, बोट काळी चारवर ठेवून, बटण दाबून, हा माणूस मला खाली घेत होता. मी बोटाकडं बघते हे त्याला माहीत होतं, म्हणून बोट हलवत नव्हता. आणि आता हे दोघं शहरात येऊन चांगली चांगली व्हायोलिनं सोडून असा बाजा शोधत होते, जो वीज गेली तरी विसरणार नाही.

लाज वाटली. खूप लाज वाटली. आणि रागही आला, कुणावर ते कळेना. टेम्पोत मान खाली घालून बसलेला धनाजी आठवला. "चुकलं, ताई," असं तो म्हणाला होता. त्याच्या जागी मी असते तर भर टेम्पोत खरं काय ते सांगून मोकळी झाले असते.

ते दोघं बाहेर आले. दादांनी माझ्याकडं बघितलं. "काय ओ, शालनबाई, चंदेरीच म्हणताय का अजून?"

"काळा घ्या," मी म्हणाले.

दादा चकित झाले. धनाजीची नजर माझ्यावरून पेटीवर गेली. भाता मी उघडाच ठेवला होता. त्याचा चेहरा उतरला. त्यानं जाऊन भाता मिटला, खटका लावला आणि खोका उचलायला पोऱ्याला हात दिला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये दादा पुढं ड्रायव्हरशी गप्पा मारत होते. मागं खोक्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धनाजी. पेठ नाका मागं पडेपर्यंत दोघंही बाहेर बघत होतो.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं, ताई. तुमी खोकल्यातनं उठून आलासा तवापासनं."

"कुणाकुणाला ठावं हाय?"

"फिरोजला. त्येच्या गिटारीला बटन न्हाई, त्येला हातानं खाली यावं लागतंय. मग दादांना सांगितलं." तो जरा घुटमळला. "आन् मयूरीला."

"तिला बरं सांगितलंस."

"मी कुठं सांगितलं? परवाच्या जत्रेत तिनंच वळखलं. घरी येऊन माझ्याशी भांडली. म्हणाली, दाजी, ताईंची पट्टी गेली कशी? ध्यान कुठं होतं तुमचं? तिनंच दादांच्या मागं लकडा लावला, असला बाजा घ्या म्हणून."

मयूरीला मी पंधरवडाभर पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नव्हता.

"मला का न्हाई सांगितलं?"

धनाजी खोक्यावरची पट्टी नखानं खरवडत होता. "तुमी स्टेजवर 'काळी चार' म्हणता ना ताई, तवा कसं उभ्या ऱ्हाता, तुमाला ठावं न्हाई. ते आमाला बगायचं आसतंय. सांगितलं आसतं तर तुमी तशा उभ्या ऱ्हायला नसता."

मी पदर डोळ्यांना लावला. खिडकीतून धूळ येत होती, तेवढी सोय होती. मग मला आठवण झाली.

"आन् ते दुसरं बटन?"

त्यानं दचकून पुढं दादांच्या पाठीकडं बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "ते ऱ्हाऊ द्या, ताई."

नवरात्रात पहिल्या माळेला कराडातच आमचा कार्यक्रम होता. बोर्ड तोच होता, माझं नाव जागच्या जागी. संध्याकाळी पहिलं गाणं माझं. मैदान भरलेलं. मी माइक घेतला, पदर खोचला आणि धनाजीकडं वळले. त्याचं बोट काळी चारवर तयार होतं, तांबडा दिवा लागलेला.

"काळी तीन," मी म्हणाले. माइकवरच म्हणाले.

फिरोजनं मान वर केली. मागं कोरसमध्ये मयूरीनं तोंडावर हात ठेवला. धनाजीनं तांबडा दिवा घालवला आणि बोट उचलून शेजारच्या काळीवर ठेवलं. मी गायले. जशी नेहमी उभी राहते तशीच उभी राहून गायले. अंतऱ्याला आवाज वर गेला तशा शिट्ट्या पडल्या. पट्टी कुठली ते शिट्टी मारणाऱ्यांना काय करायचंय?

मागं आले तर दादा विंगेत उभे होते, डोळ्यांत पाणी. त्यांचं गाणं पुढचं होतं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मानलं तुमाला, शालनबाई. कलाकारानं असं उघड मान्य करायला छाती लागती. वय हाय, गळा हाय, उतरायचाच. लाजायचं काय त्यात?" मग त्यांनी कोट सारखा केला, छाती काढली आणि घसा खाकरला. "आता आमचं नशीब बगा. पंचावन्न उलटली, तरी अजून काळी एक. एक दिवस हलली न्हाई. देवाची कृपा, दुसरं काय?"

दादा पुढं गेले. माइक धरून, प्रेक्षकांकडं बघूनच, मागं न वळता त्यांनी रुबाबात सांगितलं, "धनाजी, काळी एक!"

धनाजीनं माझ्याकडं बघितलं. यावेळी चोरून नाही, सरळ बघितलं. त्याचा अंगठा काळ्या कीबोर्डावरच्या 'दोन' लिहिलेल्या बटणावर होता. त्यानं ते दाबलं आणि दुसऱ्या हाताचं बोट काळी एकवर ठेवलं. फिरोजचा हात गिटारवर निमूट मागं सरकला.

सूर आला. दादांनी एक हात कानावर ठेवला, मग कोण जाणे काय वाटलं, माइक झाकून ते माझ्याकडं वळले. "शालनबाई, तुमचा कान चांगला. बरोबर हाय न्हवं पट्टी?"

संशय आला की तोंडावर विचारायचं आणि कळलं की तोंडावर सांगायचं, अशी माझी जन्माची खोड.

"बरोबर हाय, दादा," मी म्हणाले. "तुमचीच हाय."